पंचेचाळिशीनंतर जोडप्यांचे समुपदेशक व्हायचे असेल तर : नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

२२ वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढल्यानंतर वयाच्या ४६व्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वर्षभराने मानसशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात जाऊन बसले. आता पुण्यात जोडप्यांसोबत काम करते. या वाटेने येऊ इच्छिणारी माणसे मला वरचेवर भेटतात. त्यांत शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका असतात, आयटीत पंधरा-वीस वर्षे काढून थकलेले अभियंते असतात, मुले शिकायला बाहेरगावी गेल्यावर मनाजोगे काही करावेसे वाटणाऱ्या गृहिणी असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘कोणता कोर्स करू?’ प्रश्न योग्यच आहे, पण त्याच्या आधी दोन-तीन गोष्टी निकाली काढाव्या लागतात. त्या मी काढल्या नाहीत आणि त्यापायी माझे एक अख्खे वर्ष आणि बऱ्यापैकी पैसे गेले. तुमचे तरी ते वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भारतात जोडप्यांचे समुपदेशन करण्यासाठी असा वेगळा परवाना नाही. उद्या सकाळी कोणी दारावर पाटी लावली, तर ‘तू हे काम शिकला आहेस का?’ असे विचारायला कोणी येत नाही. त्यामुळे दार केव्हा उघडायचे हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. मध्यम वयात येणाऱ्या माणसाची इथेच फसगत होते, कारण वीस-पंचवीस वर्षांचा संसार पाठीशी असला की लग्नातले सगळे आपल्याला कळते असे वाटू लागते. हा अनुभव मोलाचे भांडवल आहे, पण त्याने पात्रता येत नाही. पात्रता येते ती कोणीतरी जाणते माणूस आपले काम पाहत असताना केलेल्या तासांमधून. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

१. आधी स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसा

‘लोक माझ्यापाशी मन मोकळे करतात’ हे या क्षेत्रात येण्याचे सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण आहे. माझेही तेच होते. चुलत-मावस भावंडांची भांडणे मिटवायला मलाच बोलावले जाई. पुढे कळले की ती मध्यस्थी होती, आणि मध्यस्थी करणाऱ्याला दोघांपैकी कोणाचे तरी म्हणणे मनातून आधीच पटलेले असते.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या अनुभवी समुपदेशकाकडे स्वतःसाठी दहा-बारा सत्रे घ्या. शक्य असेल तर त्यांतली काही जोडीदारासह घ्या. मी आणि माझे यजमान सहा वेळा गेलो. दुसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आले की समुपदेशक बोलताना किती वेळा त्यांच्याकडे पाहतात आणि किती वेळा माझ्याकडे, हे मी मनातल्या मनात मोजते आहे. जोडपे म्हणून समोर बसलेले प्रत्येक माणूस हे मोजत असते. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते.

तुमचे स्वतःचे लग्न त्याच सुमारास मोडणीला आलेले असेल, तर अभ्यास जरूर सुरू करा, मात्र जोडप्यांचे काम हाती घेण्याची घाई करू नका. आपली जखम ओली असताना समोरच्या दोघांपैकी एकाच्या चेहऱ्यात आपला जोडीदार दिसू लागतो, आणि ते आपल्याला कळतही नाही.

२. कोणती पदनामे लावता येतात ते समजून घ्या

मराठीत मानसोपचारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. तुम्ही मात्र ते काटेकोरपणे वापरले पाहिजेत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, आणि औषधे तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक विकारांवर औषधांशिवाय उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असणे आवश्यक आहे. १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असे काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुसती एम.ए. केलेल्या व्यक्तीने हे पदनाम कार्डावर छापणे ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे.

दुसरा कायदा २०२१चा, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक यांचा समावेश आहे, आणि केंद्रीय व राज्य पातळीवर नोंदवह्या ठेवण्याची तरतूद आहे. म्हणून आजपासून तुम्ही जे शिकाल त्याचा अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचे तास आणि त्यांवरच्या सह्या जपून ठेवा. नोंदणीच्या वेळी तोंडी सांगितलेल्या अनुभवाला किंमत नसते.

आणखी एक गोष्ट. लोक तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणतील, विशेषतः केस पांढरे असतील तर. पहिल्या वेळीच नम्रपणे दुरुस्ती करा. मला आता बहुतेक जण ताई किंवा मॅडम म्हणतात, आणि ते पुरेसे आहे.

३. पदवीची वाट निवडा

पहिली वाट मानसशास्त्रातील एम.ए.ची, शक्यतो समुपदेशन किंवा क्लिनिकल विशेषीकरणासह. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम आहे, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राची एम.ए. आहे. काही ठिकाणी बी.ए.ला मानसशास्त्र असण्याची अट असते, तर काही ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊन येऊ शकतो. मी बी.कॉम. होते, त्यामुळे माझ्यापुरते पर्याय तिथेच निम्मे झाले. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी ही अट नीट वाचा.

इथे एक मोठा बदल झाला आहे आणि तो अजून पुष्कळांना ठाऊक नाही. नोकरी-संसार सांभाळून शिकणारी माणसे आजवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्राची एम.ए. करत असत. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१च्या वरील कायद्याच्या कक्षेतील अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. त्यात मानसशास्त्र आहे, आणि ही मनाई जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासूनच्या नव्या प्रवेशांना लागू आहे. तेव्हा ‘घरबसल्या दोन वर्षांत एम.ए.’ अशी जाहिरात आज दिसली, तर पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेची आणि त्या अभ्यासक्रमाची मान्यता स्वतः तपासा.

दुसरी वाट समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.ची. तिच्याकडे फार कमी लोक वळतात याचे मला वाईट वाटते. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आणि मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहे. या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून आठवड्याचे ठरावीक दिवस प्रत्यक्ष क्षेत्रात काम करावे लागते, आणि कुटुंब ही गोष्ट वस्ती, पैसा, जात, कायदा यांच्यासकट पाहण्याची सवय लागते. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकाच्या पदांसाठीही समाजकार्याचे शिक्षण विचारले जाते. ज्यांना खासगी व्यवसायापेक्षा न्यायालयात किंवा संस्थेत काम करायचे आहे, त्यांनी याच वाटेचा आधी विचार करावा.

४. कागदपत्रे आधी गोळा करा

माझे जे वर्ष गेले ते इथे. १९९२च्या पदवीची एका वर्षाची गुणपत्रिका घरात कुठेच सापडेना. दुय्यम प्रत मिळते, पण अर्ज, शुल्क आणि जुन्या नोंदी शोधणे यात आठवडे जातात. मी प्रवेशाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ सुरू केली, आणि प्रत हाती आली तेव्हा प्रवेश बंद झाले होते. तुम्ही नोकरीचा राजीनामा देण्याच्या सहा महिने आधी एक फाइल करा आणि तिच्यात हे सगळे लावा :

• दहावी, बारावी आणि पदवीच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, तसेच पदवी प्रमाणपत्र
• महाविद्यालय सोडल्याचा दाखला
• विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात
• शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र, म्हणजेच गॅप सर्टिफिकेट
• लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचे राजपत्र
• आधार, पॅन, लागू असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र
• अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक
• नोकरीचा अनुभव दाखला आणि कार्यमुक्तीचे पत्र

बायकांनी नावाच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि पॅनवर मधले नावच नाही, असे माझ्यासारखे अनेकींचे असते. प्रवेशाच्या खिडकीवर ते उलगडून सांगत बसण्यापेक्षा राजपत्राची प्रत जोडलेली बरी.

५. चार वर्षांचा हिशेब मांडा

बँकेतली असल्यामुळे या पायरीवर मी आग्रहाने बोलते. दोन वर्षे एम.ए., त्यानंतर किमान एक वर्ष संस्थेत अल्प मानधनावर किंवा विनामूल्य काम, आणि त्यानंतर जम बसेपर्यंतचे एक वर्ष, अशी चार वर्षे धरा. या काळात तुमच्याकडून घरात पैसे येणार नाहीत आणि शिक्षण, सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टकडून आपले काम तपासून घेणे), स्वतःची थेरपी यांवर जात राहतील. मुलांचे शिक्षण आणि आई-वडिलांची दुखणीही याच वयात अंगावर येतात. चार वर्षांचा घरखर्च, आरोग्य विमा आणि चालू कर्जाचे हप्ते एका कागदावर मांडून जोडीदारासोबत बसा. जोडप्यांना पैशांवर मोकळेपणाने बोलायला शिकवणाऱ्याने आधी ते स्वतःच्या घरी केलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून पहिल्याच वर्षी ऑफिस घेऊन त्याची सजावट करू नका. तसेच दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेनंतर ‘सर्टिफाइड कपल थेरपिस्ट’ असे प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून सावध राहा. मी अशाच एका कार्यशाळेला चांगली मोठी रक्कम भरली होती. प्रमाणपत्र सोनेरी कडांचे होते, पण तीन दिवसांत एकदाही आम्ही खऱ्या जोडप्याचे संभाषण ऐकले नाही किंवा आमचे काम कोणी पाहिले नाही. आता कोणत्याही प्रशिक्षणाआधी मी चार प्रश्न विचारते : शिकवणाऱ्यांनी स्वतः किती वर्षे जोडप्यांसोबत काम केले आहे? प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची अट आहे का? सराव पाहून अभिप्राय मिळतो का? प्रशिक्षणानंतर सुपरव्हिजन कोण देते?

६. प्रत्यक्ष काम कुठे शिकाल

सुरुवात एकेकट्या क्लायंटपासून करा. एका माणसाचे दुःख शांतपणे ऐकता येत नसेल, तर एकमेकांवर आवाज चढवणाऱ्या दोघांचे ऐकणे शक्य नसते.

महाराष्ट्रात शिकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि पुढे हे कक्ष राज्यभर पसरले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ मराठी भाषेतून मानसिक आरोग्याचे मोठे काम करते. स्वयंसेवी संस्थांची कौटुंबिक सल्ला केंद्रे बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असतात. यांपैकी कुठेही जाताना ‘मला केसेस द्या’ असे म्हणू नका. आधी नोंदी लिहिणे, फोन घेणे, ज्येष्ठांच्या शेजारी गप्प बसणे अशी कामे मागा. व्यवस्थापक पदावरून आलेल्या माणसाला हे जड जाते. मलाही गेले. पण ज्येष्ठ समुपदेशक शांत बसते तेव्हा नेमके काय घडते, हे मी त्याच महिन्यांत शिकले.

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यातही काही दिवस घालवा. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयावर समेटासाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले आहे आणि समुपदेशकांची तरतूद केली आहे. घटस्फोट, पोटगी, मुलाचा ताबा हे शब्द कागदावर वाचणे वेगळे आणि शिवाजीनगरच्या इमारतीत मुलाला भेटायला आलेल्या बापाच्या हातातली खेळण्याची पिशवी पाहणे वेगळे.

७. जोडप्यांचे काम स्वतंत्रपणे शिका

एम.ए.मध्ये जोडप्यांसाठी फार तर एखादे प्रकरण असते. खोलीत दोघे आले की तुमचा क्लायंट त्यांच्यातले नाते असते, आणि त्यासाठी वेगळी पद्धत लागते.

मला तीन परंपरांचा उपयोग झाला. पहिली भावनाकेंद्री पद्धत, जी १९८०च्या दशकात कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी विकसित केली. एक जण पाठपुरावा करतो, दुसरा माघार घेतो, आणि जितका पाठपुरावा वाढतो तितकी माघार वाढते. हे चक्र दोघांना एकत्र दाखवणे हे तिचे मुख्य काम. तिचे पायाभूत प्रशिक्षण चार दिवसांचे असते, आणि त्यानंतर कौशल्यांचे पुढचे टप्पे असतात. दुसरी अमेरिकेतील जॉन आणि ज्युली गॉटमन यांची. दोषारोप, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि समोर भिंत उभी करणे या चार सवयी ओळखायला ती शिकवते, आणि तिचे प्रशिक्षणही टप्प्याटप्प्याने होते. तिसरी कुटुंबाकडे एक व्यवस्था म्हणून पाहणारी, मरे बोएन आणि साल्वाडोर मिनुचिन यांची. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढून त्रिकोण तयार होतो, ही बोएनची कल्पना आपल्याकडच्या नवरा-बायको-सासू किंवा आई-मुलगा-वडील या घरांत लख्ख दिसते. विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांच्यामुळे मराठी माणसाला परिचयाची आहे. ‘त्याने असे वागताच कामा नये’ या हट्टावर काम करताना ती हाताशी असावी.

पण ही तंत्रे जशीच्या तशी उचलू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त दोघांनी घालवावी, असे प्रशिक्षणात शिकवतात. माझ्याकडे आलेले एक जोडपे दोन खोल्यांत आई-वडील आणि दोन मुलांसह राहत होते, आणि रात्री त्यांचे अंथरूण बाहेरच्या खोलीत असे. त्यांना ‘एकांत काढा’ म्हणणे क्रूर झाले असते. त्यांनी स्वतःच शोधलेला मार्ग असा होता की मंगळवार-शुक्रवारची भाजी दोघांनी मिळून, पायी जाऊन आणायची, आणि येताना वाटेतल्या देवळाच्या पायरीवर दहा मिनिटे बसायचे. त्या दहा मिनिटांत तिने त्याला पहिल्यांदा सांगितले की गर्भपात झाला तेव्हा तो कामावर गेला, हे तिच्या मनाला लागले होते.

भाषेचेही तसेच आहे. आपण इंग्रजीत शिकतो आणि मराठीत काम करतो. ‘तुम्हाला आत्ता कोणती भावना जाणवते आहे?’ असे विचारले की समोरचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. लोक म्हणतात, ‘डोकं फिरतं’, ‘जीव नकोसा होतो’, ‘मला गृहीत धरतात’, ‘घरात असून एकटं पडल्यासारखं वाटतं’, ‘बोलून उपयोग काय?’ या प्रत्येक वाक्यात वेगळी भावना आहे. ‘बोलून उपयोग काय?’ हे रागाने म्हटलेले असले तरी आत बहुधा निराशा असते. मी एक वही ठेवली आहे आणि क्लायंटच्या तोंडचे असे शब्द, ओळख पटेल असे काहीही न लिहिता, तिच्यात टिपते. वऱ्हाडातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या माणसाची बोली वेगळी असते, तीही टिपते. अशी वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

८. सुपरव्हिजन टाळू नका

वेळ आणि पैसा कमी पडला तर बाकी कशात तरी काटकसर करा, यात नको. सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपले काम नियमित मांडणे. सुरुवातीला दर चार-पाच सत्रांमागे एक तास ठेवा, आणि शक्य तेव्हा दोघांची लेखी परवानगी घेऊन सत्राचे ध्वनिमुद्रण न्या. आठवणीतून सांगितलेले सत्र आपण नकळत गुळगुळीत करतो.

माझ्या सुपरव्हायझरनी मला पहिल्या ध्वनिमुद्रणाचे ५० मिनिटांचे संभाषण शब्दशः उतरवून आणायला सांगितले. त्याला सहा तास लागले. कागद समोर ठेवून त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या, आणि निघाले असे की मी बायकोला ११ वेळा मध्येच तोडले होते आणि नवऱ्याला तीन वेळा. ती बोलताना पुनरुक्ती करत होती, आणि ग्राहकाची तक्रार झटपट निकाली काढण्याची माझी बँकेतली सवय तिला मुद्द्यावर आणत होती. बाराव्या मिनिटाला तर मी सल्लाही देऊन टाकला होता. मी स्वतः स्त्री आहे, म्हणून स्त्रीची बाजू मला आपोआप कळेल, अशी माझी समजूत होती. ती त्या कागदाने मोडली. पुढचे तीन महिने मी प्रत्येक सत्रात फक्त एकच गोष्ट पाळली : वाक्य संपेपर्यंत थांबायचे.

९. दार उघडण्यापूर्वी तीन नियम लिहून काढा

तुमच्या संमतीपत्रात फी, वेळ, रद्द करण्याची अट हे तर असेलच. त्याखेरीज तीन गोष्टी स्पष्ट मराठीत असल्या पाहिजेत.

पहिली गुपितांविषयी. पहिल्या भेटीच्या आदल्या रात्री दोघांपैकी एकाचा फोन येतो : ‘ताई, एक सांगायचंय, पण ह्यांना कळू देऊ नका.’ तुम्ही ते ऐकून घेतलेत तर दुसऱ्या दिवशी त्या खोलीत तुम्ही एकाच्या बाजूने बसलेले असता. मी फोनवरच थांबवते आणि सांगते की एकेकट्याने सांगितलेल्या ज्या गोष्टीचा परिणाम नात्याच्या कामावर होतो, ती मी लपवून ठेवणार नाही. ती बोलण्याचे बळ यावे म्हणून मात्र मदत करीन. कोणी याहून वेगळा नियम ठेवतात. कोणताही ठेवा, पण आधी लिहून ठेवा.

दुसरी हिंसेविषयी. सुरुवातीच्या भेटींत प्रत्येकाला किमान एकदा स्वतंत्रपणे भेटा आणि सरळ विचारा : घरात मारहाण होते का? जोडीदाराची भीती वाटते का? इथे खरे बोललात तर घरी गेल्यावर त्रास होईल का? उत्तर होकारार्थी असेल आणि एकाची दुसऱ्यावर जरब असेल, तर एकत्र सत्रे घेऊ नका. तिथे खरे बोलण्याची किंमत त्या व्यक्तीला घरी मोजावी लागते. अशा वेळी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्यातील विशेष कक्ष आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांची माहिती द्या. आत्महत्येचे विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने त्याची खबर देणे तुम्हाला बंधनकारक आहे, आणि हा अपवाद संमतीपत्रात आधीच लिहिलेला असावा.

तिसरी न्यायालयाविषयी. काम फसले की एखादा जोडीदार म्हणतो, ‘हा माणूस कसा आहे ते तुम्ही पाहिलंत, तेवढं लिहून द्या.’ असे पत्र देऊ नका. आपण त्या दोघांचेही समुपदेशक होतो. वकील आणि अशील यांच्या संवादाला कायद्याने जसे संरक्षण आहे, तसे आपल्या नोंदींना नाही, आणि न्यायालय त्या मागवू शकते. म्हणून नोंदी थोडक्यात आणि वस्तुनिष्ठ लिहा, कोणाच्या स्वभावावर शेरे मारू नका आणि कागद कुलूपबंद ठेवा.

शारीरिक संबंधांतील वेदना किंवा ताठरतेच्या तक्रारी आल्या तर आधी डॉक्टरांकडे तपासणी करवून घ्या. समलिंगी आणि लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपीही येतील. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले आहेत. अशा कोणाला ‘बदलून’ द्या म्हणून घरचे घेऊन आले, तर ते काम आपले नाही असे स्वच्छ सांगा.

१०. व्यवसायाची घडी

ही पायरी त्या मानाने सोपी आहे. मोजकीच माणसे कामाला असतील तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणे पुरते, आणि तिलाच लोक अजून शॉप ॲक्ट किंवा गुमास्ता म्हणतात. व्यवसाय कराची नोंदणी करा, त्याचे वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

स्वतंत्र खोली नसेल तर एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली रिकामी दुपार भाड्याने घ्या. तीन खुर्च्या सारख्याच उंचीच्या असाव्यात आणि तुमची खुर्ची दोघांपासून सारख्या अंतरावर असावी. बाहेर बसणाऱ्याला आतले ऐकू येता कामा नये, त्यासाठी दाराजवळ पंखा चालू ठेवला तरी फरक पडतो. भेटीची वेळ ठरवायला सासूचा किंवा वडिलांचा फोन आला, तर त्यांच्याशी आदराने बोला, पण वेळ जोडप्यापैकी एकानेच घ्यावी असा आग्रह धरा.

पहिल्या वर्षी मला आठवड्याला जेमतेम दोन जोडपी मिळत. फी ८०० रुपये होती, आणि तेवढी परवडत नसेल त्यांच्यासाठी दोन वेळा राखून ठेवल्या होत्या. क्लायंट आले ते सहाध्यायींकडून, ज्या संस्थेत शिकले तिथून आणि एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडून. आपली ओळखीची माणसे, नातेवाईक आणि जुने सहकारी यांना स्वतःकडे घेऊ नका, ते कितीही आग्रह करोत. त्यांच्यासाठी दोन विश्वासू समुपदेशकांचे क्रमांक फोनमध्ये ठेवा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त जोडपी घेऊ नका, आणि दोन सत्रांमध्ये किमान अर्धा तास मोकळा सोडा, कारण आधीच्या दोघांचे भांडण कानांत असताना पुढच्या दोघांचे पहिले वाक्य ऐकू येत नाही.